रस्त्यावरचं अर्धं जातं

लाखोरीच्या डाळीची मळणी आमचं गाव रस्त्यावरच करायचं. वरठीला जाणारा डांबरी रस्ता वेशीला लागून, आणि येणारा प्रत्येक ट्रक म्हणजे फुकटचा बैल. सकाळी पीक पसरायचं, कडेला मोठे दगड मांडायचे, म्हणजे गाडीवाल्याला पिकावरून जाण्यावाचून इलाज नाही. त्यात काही चूक आहे असं कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

त्या वर्षी एक दगड कमी पडला. सासूबाईंच्या जात्याची वरची पाळी फुटून अंगणात दोन तुकडे पडले होते. त्यातला एक मी उचलून नेला.

संध्याकाळी पीक गोळा झालं. मी दगड हलवायला वाकले, तर सासरे म्हणाले, "राहू दे ना बाई. उद्या पुन्हा मांडाच लागते." मी कंटाळलेलीच होते. राहू दिला.

सकाळी धुकं होतं. वरठी स्टेशनावर हमाली करणारा एक माणूस सायकलवरून आला आणि त्या जात्यावर आपटला. मी पाण्याचा लोटा घेऊन धावले. त्याचा गुडघा बघवत नव्हता. माझं मनगट घट्ट धरून तो म्हणाला, "इतं गोटा कोनं ठेवला वं?" मी लोटा त्याच्यापुढे केला. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

पाय वाकायचा तो थांबला आणि हमाली सुटली. त्यानं आमच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. सासऱ्यांनी लेखी जबाब दिला की दगड आमचा नाही. जात्याचा घरातला तुकडा त्यांनी स्वतः नेऊन बोडीच्या पाण्यात टाकला. वर मला साक्षीला उभं करायचं ठरलं.

भंडाऱ्याला वकिलाकडे मी म्हटलं, "पण आम्ही काही मुद्दाम नाही केलं."

वकील हसले. "मुद्दाम केलं का, हे कोण विचारून राहिलं बाई? तिथून कोणी जाईल, पडेल, हे तुम्हाला कळायला पायजे होतं का, एवढंच कोर्ट पाहते."

"सारेच ठेवतात."

"सारे चुकले म्हणून तुमची चूक माफ होत नाही. तुम्ही फक्त म्हणा, दगड ओळखत नाही."

घरी सासरे रोज एकच विचारायचे, "काय सांगशील?" मी सांगायची, "ओळखत नाही." एक एकर धानाची बांधी विकावी लागेल, ही भीती त्यांच्या तोंडावर दिसायची. ती भीती खोटी नव्हती, म्हणून मला त्यांचा रागही धड येत नव्हता.

साक्षीच्या दिवशी टेबलावर हमालानं पुरावा म्हणून आणलेला रस्त्यावरचा तुकडा होता. खुंट्याचं भोक अर्धं, कडेला सासूबाईंच्या हातानं गुळगुळीत झालेली जागा. समोर तो हमाल बाकावर बसला होता, पाय सरळ पुढे काढून. त्याची बायको मला नाही, त्या दगडाला बघत होती.

"हा ओळखता?" हमालाच्या वकिलानं विचारलं.

आमच्या वकिलांनी डोळ्यांनी खूण केली.

"ओळखते. आमच्या घरचं जातं आहे. मीच ठेवलं आणि मीच उचललं नाही."

सासऱ्यांचं नाव मी घेतलं नाही. घरात राहायचं होतं मला.

मागे बाक वाजलं. सासरे उभे राहिले होते. पट्टेवाल्यानं "बसा, बसा" म्हटलं, तरी बसेनात.

"साहेब, तिचं ऐकू नका. ते उचलूनच राहिली होती. राहू दे म्हनून म्या सांगतलं. घरचा मोठा मी आहो, जबाब माझा खोटा आहे."

जज्जसाहेबांनी त्यांना दटावून बसवलं. त्या उन्हाळ्यात भरपाईपायी बांधी गेली.

पुढच्या लाखोरीला ते रोज दिवेलागणीच्या आत हातात काठी घेऊन रस्त्यावर जायचे आणि साऱ्या गावाचे दगड एकटे उचलायचे. तो हमाल एकदा एसटीतून जाताना खिडकीतून बघत होता. सासऱ्यांनी त्याला पाहिलं, आणि हातातला दगड खाली ठेवून हात जोडले.