वासराच्या चालीनं

एकोणीस वर्षांत कळंबच्या चिंतामणीची एकही चतुर्थी मी चुकवली नाही. यंदा माझी नात दोन महिने आधी जन्मली, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, एवढ्या फेऱ्यांचं झालं काय? हे मी कुणाजवळ बोललो नाही. पण विचार आला होता, तो लपवून हा अनुभव लिहिणं बरोबर होणार नाही.

जन्मवजन चौदाशे ग्रॅम. यवतमाळच्या दवाखान्यात तिला आधी काचेच्या पेटीत ठेवलं. मग दिवसातले काही तास तिला शालीखाली उघड्या छातीशी धरून बसायला माझ्या मुलीला, सुप्रियाला सांगितलं. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली, त्यामुळे मुलीजवळ मीच. दुपारी भेटीच्या वेळेला आत जायचो आणि नर्सच्या वहीतलं बाळाचं रोजचं वजन तिला वाचून दाखवायचो. तेराशे साठ. तेराशे वीस. पाचव्या दिवशी बाराशे नव्वद. सुरुवातीला वजन उतरतंच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी मी वाचत राहिलो. मुलीला खरं ते कळावं, एवढाच हेतू. त्याच दिवसांत तिचं दूध आटत गेलं, आणि या दोन गोष्टींचा संबंध माझ्या ध्यानातही आला नाही.

शेजारच्या खुर्चीत उमरखेडकडच्या बंजारा तांड्यावरची एक सून बाळ घेऊन बसायची. तिची सासू सोबत असे. सून तिला याडी म्हणजे आई म्हणायची, म्हणून आम्हीही याडीच म्हणू लागलो. त्या पाचव्या दिवशी आकडा ऐकून सुप्रिया रडू लागली, तशी याडी माझ्याकडे वळली.

"काहून वाचून राह्यले भाऊ? लेकराले आकडे पाजता का?"

"मग खोटं सांगू?"

"खोटं सांगा कोन म्हनलं? गप बसा म्हनलं."

सुप्रिया रडता रडता हसली. मी वही मिटली. मग याडीनं हलक्या आवाजात गाणं धरलं. त्यांची गोरबोली मला समजत नाही. थोडं गायचं आणि मराठीत सांगायचं, असं तिनं केलं. मीठ लादलेल्या बैलांचा तांडा निघाला होता. वाटेत एक गाय व्याली. वासरू फार अशक्त. मागं सोडून द्या, असं सगळे म्हणाले. एका म्हातारीनं ते ओढणीत बांधून घेतलं, आणि त्या दिवसापासून सगळा तांडा वासराच्या चालीनं चालू लागला. पहिल्या मुक्कामाला त्यांना पाणी भेटलं. इथं ती थांबली. तांड्यावर हे गाणं एका दिवसाला एकच मुक्काम गातात.

"मुक्काम एकूण किती?" मी विचारलंच.

"झाले का पुन्हा सुरू!" याडी म्हणाली, आणि दोघी लेकुरवाळ्या तोंड दाबून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सुप्रियाला पान्हा फुटला. वजन चौदा ग्रॅमनं वाढलं. डॉक्टरांच्या मते ते त्या सुमारास वाढणारच होतं, आणि तेही मी मानतो. मला एवढंच ठाऊक आहे, की गाणं चालू असताना मुलीचे वर चढलेले खांदे खाली आले आणि तिच्या छातीवर नात शांत झोपली. मीही भिंतीला टेकून डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी काही मागावंसं वाटलं नाही.

बाविसाव्या दिवशी सतराशे दहा ग्रॅमवर आम्हाला घरी सोडलं. याडीचा नातू अजून तिथंच होता. निघताना मी तिच्या पाया पडलो. ती संकोचून मागं सरली. मी विचारलं, "याडी, ते वासरू पोचलं का शेवटी?"

"चालून राह्यलं ना भाऊ अजून," ती म्हणाली. "तुमी बी चाला सावकाश."

आमच्या गावापर्यंत, बोरी अरबपर्यंत, अजून किती वेळ, असं मी ड्रायव्हरला एकदाही विचारलं नाही. ज्या चिंतामणीच्या हाती नातीला सोपवलं, त्याच्यामागून चालायचं, एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं, आणि ते मला जमत होतं.