डोमाभाऊंच्या घरची ढेकी

धानाची पाटी हातात घेण्याआधी डोमाभाऊ एक प्रश्न हमखास विचारायचे, "घरी बाळंतीण हाये का?" गिरणीवाल्याला कशाला हव्यात या चौकशा, म्हणून पहिल्या दिवशी मला रागच आला. माझे यजमान ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात मास्तर होते आणि मी नुकतीच लग्न होऊन नागपूरहून आलेली, पांढऱ्याशुभ्र भाताची लाडावलेली. "नाही," मी तुटकपणे म्हटलं. "झाली तर सांगा बाई. मंग दुसऱ्यांदा घालणार नाई," एवढं बोलून ते इंजिनाचा पट्टा चढवायला गेले.

धान गिरणीत एकदा घातलं की तूस निघतं. पुन्हा घातलं की वरचा कोंडाही जातो आणि तांदूळ चकाकतो. गावात ही गिरणी डोमाभाऊंनीच आणली होती. त्याआधी घरोघरी बायका ढेकीच्या लाकडावर पाय मारमारून धान कांडत.

गावातला सगळ्यात पांढरा तांदूळ अर्थातच गिरणीवाल्याच्या घरी शिजे. मी गावात यायच्या आधी त्यांची बायको, गिरजाबाई, बाळंत झाली तेव्हा तर डोमाभाऊंनी हौसेने तिच्यासाठी धान पुन्हापुन्हा गिरणीतून काढलं. तिकडे बाळंतिणीला डाळ नाही, भाजी नाही, नुसता मऊ भात आणि तूप. तोही तांदूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलेला आणि वरची पेज गाळलेली. कोंडा आणि पेज दोन्ही म्हशीच्या घमेल्यात जात. काही महिन्यांत गिरजाबाईंचे पाय सुजले, मग बधिर झाले. चालताना वहाण मागे सुटून राही आणि त्या तशाच अनवाणी पुढे जात, त्यांना कळतच नसे. शेवटी उभंही राहवेना.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, तान्ह्या मुलीला शेळीचं दूध लावलं आणि खाण्यापिण्याची चौकशी केली. म्हणाले, "हिच्या पोटात जायला हवं ते सगळं तुमच्या कोंड्यात आणि पेजेत चाललंय." हे सांगताना डोमाभाऊ स्वतःलाच हसत, पण ते हसणं बघवत नसे. "माया बायकोवर केली अन् पोसली म्हैस," म्हणायचे.

पडवीत जुनी ढेकी धूळ खात पडली होती. ती त्यांनी धुतली आणि रोज सकाळी, गिरणी सुरू करण्याआधी, गिरजाबाईंपुरतं धान स्वतः कांडू लागले. ढेकीवर पुरुष, तोही गिरणीचा मालक! विहिरीवर बायका तोंडाला पदर लावून हसत. कोणी तोंडावरच विचारलं तर डोमाभाऊ पाय न थांबवता सांगत, "तिचे पाय चालत नाई, म्हून माहे चालवून राह्यलो." घरचा माणूसच गिरणीचा तांदूळ खात नाही म्हटल्यावर बरीच गिऱ्हाइकं ब्रह्मपुरीला जाऊ लागली. तरी त्यांनी गिरणी बंद केली नाही. ढेकीवर बायकांचे काय हाल होतात, ते आता त्यांच्या पिंढऱ्यांना ठाऊक झालं होतं. फक्त बाळंतिणीच्या घरचं धान ते दुसऱ्यांदा घालत नसत.

माझ्या बाळंतपणाला आई आली आणि थेट गिरणीवर जाऊन भांडली. "माझी मुलगी ओली बाळंतीण. तिला हा मातकट भात घालू?" डोमाभाऊंनी वाद घातला नाही. "चाय घ्या माय," म्हणून तिला शेजारच्या आपल्या घरी नेलं. गिरजाबाई भिंत धरधरून बाहेर आल्या. आईने पायांकडे पाहून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मले बी पांढराच देत होते माय. लय मायेनं देत होते."

आई तोच मातकट तांदूळ घेऊन आली. मला रोज मीठ घालून पेज मिळू लागली. ती मला कधीच आवडली नाही, पण वाटी रिकामी झाल्याशिवाय आई समोरून हलत नसे.

दुसऱ्या वर्षी यजमानांची धानोऱ्याला बदली झाली. मी बाळाला घेऊन बसची वाट पाहत उभी होते, तेव्हा डोमाभाऊ आणि गिरजाबाई येताना दिसले. ढेकीच्या तांदळाचं गाठोडं गिरजाबाईंच्याच डोक्यावर होतं. त्या सावकाश, पण भिंतीवाचून चालत होत्या. डोमाभाऊ थोडं मागे, हात अर्धवट पुढे धरून. रस्त्यावर घोटाभर फुफाटा होता. त्यात गिरजाबाईंची एक वहाण सुटली. ती पाहून डोमाभाऊ जागच्या जागी थांबले. वाकले नाहीत, हाक मारली नाही.

गिरजाबाईंनी एक पाऊल टाकलं आणि त्या थांबल्या. गाठोडं सावरत मागे वळल्या, पायाने चाचपून वहाण अंगठ्यात अडकवली आणि पुन्हा चालू लागल्या.

बस आली, सामान वर चढलं. डोमाभाऊ खिडकीपाशी आले. निरोपाचं काही बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "पाह्यलं का बाई? समजलं तिले."