बाहेर जाणारी पावलं

श्रावणातला पहिला रविवार. रक्कम सहाशे चाळीस रुपये, साईटचं कमिशन वजा जाऊन. हजर तिघं – मी, माझी बायको मंगल आणि वडीगोद्रीहून आलेली तिची धाकटी बहीण सुरेखा. एवढं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की माणूस ऐकीव सांगतोय.

मी जुन्या जालन्यात एका आडत दुकानात हिशोब लिहितो. भूतखेत, करणी, नजर यातलं काही मी मानत नव्हतो. अंगात आलेल्या बाईला पाणी द्यावं आणि पंखा लावावा, एवढाच माझा उपाय.

ते सहाशे चाळीस रुपये मंगलच्या खात्यात आले होते, तिच्या पायांच्या फोटोचे.

सुरेखाचं हायवेला लागून पार्लर आहे. कोणत्या तरी गिऱ्हाइकाकडून तिला ही साईट कळली. चेहरा दाखवायचा नाही, नाव खोटं द्यायचं, पायांचे फोटो टाकायचे आणि भाव लिहायचा. लोक विकत घेतात. तिने स्वतःचे टाकले, कोणी विचारलं नाही. मंगलचे टाकले आणि आठवड्यात गिऱ्हाईक. जोडवी घातलेले, टाचांना भेगा पडलेले, रोजच्या कामातले पाय.

मी म्हणालो, "हा काय घाणेरडा धंदा आहे?"

"दाजी, तुमाला काय कळतंय त्यातलं," सुरेखा म्हणाली. "चपलाच्या दुकानात तो पोरगा न्हाई का बघत बायांचे पाय? रोज हातात धरून राह्यलाय."

"तो पैसे घेतो. देत नाही."

"मंग हे तर अजून चांगलं झालं की."

मंगल हसली नाही. ती म्हणाली, "चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर पैसे आल्ते. तुम्ही लगेच घाण म्हनून मोकळे."

मग मी ते मेसेज वाचले. एकाला तळवे मळलेले हवे होते, धुवायचे नाहीत अशी अट. एकाला भेगा अगदी जवळून. एकाने तिच्या पायातल्या जुन्या चपलेचा भाव विचारला होता, पोस्टेजसकट. त्या दिवशी ताटातली भाकरी मी तशीच ठेवून उठलो. कोण माणसं असतील ही, घरी बायकापोरं असतील, जेवताना कोणत्या हातानं जेवत असतील – असले विचार येत राहिले. पण पैसे तिचे होते. मी अडवलं नाही.

मग एक गिऱ्हाईक आलं. बाकी सगळे इंग्रजीत लिहायचे, याने मराठीत लिहिलं. स्वच्छ मराठी, एक अक्षर घाण नाही. "ताई, कुंकवाच्या पाण्यात पाय भिजवून देवघरापासून उंबऱ्यापर्यंत चालत या. प्रत्येक पावलाचा फोटो हवा. शेवटचा, दोन्ही पाय उंबऱ्याबाहेर. सगळे हक्क माझे, दुसऱ्या कोणाला विकायचे नाहीत. बारा हजार."

मराठी घरात वाढलेल्या कोणालाही इथे थांबायला हवं होतं. लक्ष्मीची पावलं आत येतात. बाहेर जाणारी कोणी काढत नाही, चुकूनसुद्धा नाही. मंगल थांबली होती म्हणे. पण सुरेखा म्हणाली, "अगं आक्का, उजेड दारातूनच येतोय, फोटो तिकडं तोंड करूनच चांगला येईल. मंग पुसून टाकू, झालं." मी दुकानात होतो. परातीत कुंकू कालवलं, मंगल चालली, सुरेखाने फोटो काढले, दोघींनी फरशी पुसली. बारा हजार जमा झाले. मला हे सगळं नंतर कळलं.

आता आमच्या घरची एक रोजची गोष्ट. मंगल आंघोळ करून ओल्या पायांनीच देवघरात जाते. फरशी शहाबादी, गडद. न्हाणीपासून देवघरापर्यंत पावलं उमटतात, आणि मी म्हणतो, पाय पुसून ये, कोणीतरी घसरून पडेल. लग्न झाल्यापासून म्हणतोय. त्या व्यवहारानंतर मला म्हणायची वेळ येईना. मला वाटलं, सुधारली.

एका सकाळी मी दाढी करत होतो. ती समोरून गेली. साडीच्या काठातून पाणी टपकत होतं, घोटे ओले, टाचा ओल्या. फरशीवर काठाचे थेंब पडलेले होते. पाऊल एकही नव्हतं.

मी तिला परत चालायला लावलं. मग बादलीत पाय बुडवून. मग कणीक चाळून जमिनीवर पसरली आणि तिला त्यावरून जायला सांगितलं. ती गेली. कणीक जशी पसरली होती तशीच, रेघसुद्धा हलली नाही. मागोमाग मी चाललो, माझे पाय ठळक उठले. सुरेखाला फोन करून बोलावलं, तिचेही उठले. ओळखीच्या डॉक्टरांना तळवे दाखवले. ते म्हणाले, भेगांना मलम लावा, बाकी काही नाही.

मंगल कणकेकडे बघत खाली बसली.

"अहो," ती म्हणाली, "मी हाय ना घरात?"

"काहीतरीच काय. समोर बसलीस की."

"मंग उमटून का न्हाई राह्यले?"

मी झाडू घेऊन कणीक गोळा करायला लागलो.

महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या. बहुतेक घरांत दारापासून पावलं काढतात. आमच्याकडे काढायची पद्धत नाही. घरातली बाई स्वतः कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवते, मुखवटा हातात घेऊन तुळशीपासून चालत आत येते, आणि तिची जी पावलं उमटतात तीच लक्ष्मीची. गल्लीतल्या बायका दुतर्फा उभ्या राहून ताट वाजवतात. सगळ्यांच्या नजरा खाली, पावलांवर. मंगल म्हणाली, "मी यंदा आननार न्हाई. जाऊबाईला बोलवा." आणि तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आमच्या घरात लक्ष्मी तिने आणायची, हा तिचा मान. तोच गेला तर मागे काय राहिलं, हे तिने बोलून दाखवलं नाही. मला ते दाराबाहेर उभं राहून कळलं.

मी सुरेखाला म्हणालो, त्या माणसाला लिही की पैसे परत घे, फोटो पुसून टाक.

उत्तर लगेच आलं. "पैसे परत नकोत."

फोन मी हातात घेतला. दुप्पट देतो असं लिहिलं. पोलिसांत जाईन असंही लिहिलं.

"आपण घरधनी का?"

हो म्हणालो.

"मग आपले पाठवा. तसेच. ताईंचे परत करतो."

पन्नाशीचा माणूस मी, टाचा काळ्या, एका अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं. कोण बघणार आहे, कशाला बघणार आहे...

मंगलने दार उघडलं. तिने ऐकलं होतं. "नका करू. राहू द्या माजी पावलं. चपला घालून राहीन मी."

"लक्ष्मी तुला आणायची आहे," मी म्हणालो. "मला काय काम पावलांचं? मी तर दुकानात बसून असतो."

भर दुपारी, दार सताड उघडं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून मी त्याच परातीत उभा राहिलो. कुंकवाचं पाणी थंड होतं. देवाकडे पाठ करून चालायला लागलो तेव्हा सुरेखाला दोन फोटो परत काढावे लागले. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो तर समोरून रिक्षावाला बघत गेला. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही, आणि ती त्या माणसाची कमी आणि माझ्या लाल पायांची जास्त होती.

फोटो गेले. "मिळाले" एवढा एक शब्द आला. संध्याकाळी त्याचं खातं साईटवर दिसेना.

मंगलने महालक्ष्म्या आणल्या. तुळशीपासून आतपर्यंत पावलं आली, बोटं न् बोटं सुटी, जोडव्यांच्या खुणेसकट. बायका म्हणाल्या, मंगलबाई, यंदा किती रेखीव पावलं आली हो. ती मुखवटा धरून उभी होती आणि रडत होती. त्यांना वाटलं भक्तीनं.

मी आता न्हाणीतच पाय पुसतो, कोरडे करूनच बाहेर येतो. मंगल विचारत नाही, मीही बघितलेलं नाही. कोणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहावं. मी फरशी, तेल, मेण, कातडीचा रोग, डोळ्यांचा दोष, सगळं धरून पाहिलं. कशानंच जुळत नाही.

ते बारा हजार मंगलच्या खात्यात तसेच आहेत, ती हात लावत नाही. सुरेखाने साईटवरचं खातं बंद केलं. शेवटी चुकतं केलं ते एवढंच – माझ्या दोन्ही पायांचे फोटो, देवघरापासून उंबऱ्याबाहेरपर्यंत, सगळ्या हक्कांसकट. घेणाऱ्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. पोच मिळाली आहे.