उपास धरला की एक गोळी

औषधांची पिशवी घेऊन पहिल्यांदा आलेल्या माणसाला विजयकर मॅडम एकच प्रश्न विचारत. पिशवीतल्या पट्ट्या, बाटल्या, सुट्या गोळ्या काउंटरवर ओतायच्या, हाताने पसरायच्या आणि शांतपणे म्हणायचं, "यातली कुठली तुम्हाला मारेल, दाखवा." म्हातारी माणसं गोंधळून मागच्या रांगेकडे बघत. मग बोट बहुतेक वेळा एखाद्या लाल कॅप्सूलवर जाई. "चूक," मॅडम म्हणत. "ही नुसती ताकदीची. ही बघा पांढरी, बारीक, गरीब दिसणारी. ही मारेल." रांगेत कुणीतरी हसे. मॅडम हसल्याचं मला आठवत नाही.

परळच्या एका धर्मादाय इस्पितळात मी फार्मासिस्ट म्हणून लागले, तेव्हा मॅडम तिथल्या औषध विभागाच्या प्रमुख होत्या. घराणं मूळचं गिरगावचं, आजोबा सॉलिसिटरच्या पेढीत हेडक्लार्क होते. मॅडम स्वतः शिवाजी पार्कला एकट्या राहत. मी लालबागची, वडील गिरणीतले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारून घेतलं आणि पुढची अकरा वर्षं मला फक्त 'राणे' म्हटलं.

एकदा एका आजोबांना मी चुकीची पट्टी दिली. माझ्याच लक्षात आलं आणि मी ती लगेच परत घेतली. मॅडमनी आजोबांना खुर्ची दिली आणि मला त्यांच्यासमोर उभं केलं. "आता सांग यांना. ही गोळी घरी नेली असती तर काय झालं असतं? पहिल्या दिवसापासून सांग." मी सांगत गेले. तिसऱ्या दिवशी चक्कर, पाचव्या दिवशी बाथरूममध्ये पडणं. शेवटी आजोबाच म्हणाले, "जाऊ दे गं पोरी." मॅडम म्हणाल्या, "काका, माया करायला तुमच्या घरी माणसं आहेत. इथे औषधं मिळतात." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांचा मनापासून तिरस्कार केला. त्यानंतर माझ्या हातून चुकीची पट्टी गेली नाही, हेही खरं आहे आणि ते लिहिताना मला अजून राग येतो.

त्यांचा जीव अडकला होता एका अभ्यासात. "डॉक्टर लिहितात, आपण देतो आणि माणूस घरी जाऊन मरतो," त्या म्हणत. "मधे काय होतं ते कुणी बघत नाही. मी बघणार." त्यांनी निवडली होती संधिवाताची एक गोळी. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तशी घेतली तर आखडलेली बोटं सुटतात, बाई पुन्हा पोळ्या लाटू लागते. रोज घेतली तर शरीरात रक्त तयार व्हायचं थांबतं. अर्ध्या रुग्णांना नेहमीसारखं पाकिटावर 'आठवड्यातून एकदा' लिहून द्यायचं आणि उरलेल्यांना गोळी त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या कशाला तरी बांधून द्यायची, असा तो बेत. कोण जास्त बिनचूक घेतं, ते वर्षभर मोजायचं.

कशाला बांधायची, यावर आमची बैठक झाली. कुणी म्हणालं रविवारच्या मटणाला, कुणी म्हणालं टीव्हीवरच्या मालिकेला. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडच्या बायका घरात बसून वार विसरतात, पण उपास विसरत नाहीत. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा गुरुवार. उपास धरला की एक गोळी, एवढंच सांगायचं." मॅडम म्हणाल्या, "राणे, तुझ्या लालबागचा एवढा तरी उपयोग झाला." अकरा वर्षांत त्यांनी केलेलं माझं हे एकमेव कौतुक. मी ते घरी जाऊन आईला सांगितलं.

त्या गटातल्या परब मावशी मला स्पष्ट आठवतात. लालबागच्याच, कोकणातून लग्न होऊन आलेल्या, सोमवार करणाऱ्या. बोटं इतकी वाकडी की पदर खोचता येत नसे. मॅडमनी त्यांच्याकडून वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. पहिल्यांदा त्या लाजल्या, तर मॅडम म्हणाल्या, "लाजायला सासर आहे का हे? मोठ्याने." तिसऱ्या वेळी मावशींनी खणखणीत सांगितलं, "उपास धरलंय की येक गोळी." त्यांना परत परत यायला नको म्हणून तीन महिन्यांच्या बारा गोळ्या आम्ही एकदम दिल्या. पुढच्या खेपेला मावशींनी हाताने वळलेले बेसनाचे लाडू आणले. मॅडमनी लाडू खाल्ला नाही. उरलेल्या गोळ्या मात्र दोनदा मोजल्या. हिशेब चोख होता, मावशींचाच नव्हे, त्या सगळ्या गटाचा. दुसऱ्या गटापेक्षा कितीतरी चांगला. मॅडम त्या दिवसांत जिना भरभर चढत असत.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी परब मावशींना त्यांच्या मुलाने रिक्षातून आणलं. तोंड आतून सगळं सोललेलं, ताप, अंगावर लाल ठिपके. त्यांनी नवरात्राचे नऊ दिवस उपास धरला होता आणि नऊ दिवस नऊ गोळ्या घेतल्या होत्या.

मॅडम आणि मी वॉर्डात गेलो. मावशींना नीट बोलता येत नव्हतं. मॅडमना बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. "बाय, येक पण चुकवूक नाय मी," त्या म्हणाल्या. "नव दिवस बरोबर घेतलंय." परीक्षेला बसल्यासारखं त्यांचं लक्ष मॅडमच्या चेहऱ्याकडे होतं. मॅडम खाली वाकल्या. "शाबास, मावशी. अगदी सांगितलं तस्संच केलंत." चौथ्या दिवशी मावशी गेल्या.

गटातल्या इतर उपासवाल्या बायकांना मी फोन केले. आणखी दोघींनी हेच केलं होतं. त्यांना दाखल करून घेतलं आणि त्या वाचल्या.

चौकशी झाली. इस्पितळाला कागदावर 'रुग्णाचा गैरसमज' एवढे दोन शब्द हवे होते. मावशींच्या मुलाला आधीच तसं सांगून झालं होतं आणि त्याने ते मान्यही केलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या. "तिचा कसला गैरसमज? तिने ऐकलं आणि केलं. वाक्य माझं होतं." मी तोंड उघडलं. वाक्य माझं होतं, हे त्या खोलीतल्या दोघींना माहीत होतं. पण माझा पहिला शब्द बाहेर पडायच्या आत मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राणे, हमालांची मतं इथे नोंदवत नाहीत. बस." मी बसले. कागदावर शेवटी रुग्णाचा गैरसमजच लिहिला गेला, अभ्यास बंद झाला आणि मॅडमना मुदतीआधी निवृत्ती घ्यायला लावली. निरोपसमारंभ झाला नाही.

पुढे कित्येक वर्षं मी नव्या मुलींना ही हकिगत सांगत आले. वरून काटेरी, पण ज्युनिअरचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं, अशी आमची मॅडम. परब मावशींचे ओठ मला स्वप्नात दिसायचे आणि सकाळी उठल्यावर वाटायचं, आपण एक बाई मारली आणि शिक्षा दुसरीने भोगली.

मॅडम आजारी आहेत असं कळलं, तेव्हा मी शिवाजी पार्कला त्यांच्या घरी गेले. त्या खुर्चीत बसून होत्या, पाय सुजलेले. मी चहाचा कप हातात धरून एका दमात बोलून टाकलं. वाक्य माझं होतं, मी तेव्हाच सांगायला हवं होतं, तुम्ही मला वाचवलंत.

त्यांनी मला टेबलाच्या खणातून एक फाइल काढायला लावली. आत एक कागद होता. त्यांच्या अक्षरात गटातल्या उपासवाल्या बायकांची नावं, फोन नंबर आणि वर एक शब्द: 'नवरात्र?' परब मावशींचं नाव तिसरं होतं. तारीख घटस्थापनेच्या आठ दिवस आधीची.

"तुला सुचलं नव्हतं, राणे. मला सुचलं होतं."

"मग फोन का नाही केलेत?"

"फोन करून काय सांगणार? वाक्य बदला? मधेच वाक्य बदललं की अभ्यास रद्द. पुन्हा पहिल्यापासून. आकडे इतके सुंदर येत होते. म्हटलं, बायकांना एवढं नीट कळलंय, तर नवरात्रात रोज घ्यायची नाही हेही कळेल."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. तो नंतर आला, खूप आला. पण आधी जे वाटलं ते लिहिते. मला मोकळं वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं कुणीतरी खांद्यावरून उचलून बाजूला ठेवलं. मॅडमची नजर म्हातारपणीही तशीच होती. त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"बरं वाटलं ना? म्हणजे तू एवढी वर्षं परबबाईसाठी रडत नव्हतीस. घेऊन जा तो कागद. कुणाला दाखवायचा असेल त्याला दाखव."

त्यानंतर दोन महिन्यांनी त्या गेल्या. मी पोचवायला गेले नाही.

कागद माझ्या कपाटात आहे. परब मावशींचा मुलगा आता पन्नाशीचा झालाय. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला तो माझ्याच काउंटरवर येतो. कुठली सकाळी, कुठली रात्री, हे मी त्याच्याकडून म्हणवून घेते. तो सगळं बरोबर म्हणतो आणि वर ओशाळं हसून सांगतो, "नीट समजून घेतलेलं बरं, मॅडम. आमची आई त्यापायीच गेली. साधी गोळी, पण तिला कळलीच नाही."

मी मान हलवते आणि पुढचा नंबर पुकारते.