आण्णांनी पाच वर्षं मागे नेलेली लाईन

सर्जेरावआण्णांची आणि माझी ओळख एका काडेपेटीमुळे झाली. वडूजच्या शाळेत मी तेव्हा चित्रकला शिकवीत होते. एका दुपारी पांढरी टोपी घातलेले, उंच, खांद्यात थोडे वाकलेले एक गृहस्थ वर्गाच्या दारात आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि माझ्या टेबलावर काडेपेटी उघडून ठेवली. आत कोळशाची भुकटी होती.

"बाई, ह्येचा रंग कंचा?"

"काळा," मी म्हटलं. मुलं खुसखुसली.

"न्हवं. जरा उजेडात बघा."

खिडकीशी नेऊन पाहिलं तर त्या भुकटीत निळसर झाक होती, मध्येच कुठे तांबूस, कुठे चांदीसारखं काहीतरी चमकत होतं. इतकी वर्षं मी मुलांना रंग शिकवत होते आणि काळा म्हणून मोकळी झाले होते. मला आधी स्वतःचा राग आला, मग त्यांचा, आणि संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन पोचले. माझा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आण्णांच्या माडीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक फळी टाकलेली होती आणि तिच्यावर एक अख्खी रेल्वे लाईन उभी राहत होती. खटावच्या माळावरून एका कारखान्याच्या बॉयलरला कोळसा नेणारी एक आडलाईन पूर्वी होती. कारखाना कधीच बंद पडला, रूळ उपटून नेले, आता तिथून डांबरी रस्ता जातो. आण्णा तरुणपणी त्या लाईनवर फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकण्याचं काम त्यांचं. लाईन बंद झाल्यावर त्यांनी आयुष्यभर लेथ मशीनवर पोट भरलं आणि म्हातारपणी हातात वेळ आला तेव्हा ती लाईन बोटभर उंचीची करून पुन्हा बांधायला घेतली. इंजिन पितळी पत्र्याचं, आतली मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची. रंगकाम मला दिलं. त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्यांची शिष्या आहे. त्यांना हा शब्द आवडत नाही, पण हा गौरवग्रंथ त्यांच्या हाती पडेपर्यंत छापून झालेला असेल.

गौरवसमितीने मला आण्णांच्या गुणांवर लिहायला सांगितलं आहे. गुण पुष्कळ आहेत. सगळ्यांना दिसतो तो हा, की आपली चूक ते लपवत नाहीत. पिठाच्या गिरणीसाठी त्यांनी केलेला एक दांडा एकदा मोडला आणि ऐन सणाला गिरणी बंद पडली. लोक गिरणीवाल्याला शिव्या घालू लागले. आण्णा पेठेत घरोघर फिरले आणि "दांडा माझा व्हता, त्येला बोलू नगा" असं सांगून आले. मला ते जरा अतीच वाटलं होतं. एका दांड्यासाठी कुणी एवढं करतं का, असं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते नुसते "व्हय" म्हणाले.

आणि त्यांचा जिव्हाळा. माझे यजमान गेले तेव्हा आण्णा तेरा दिवस रोज सकाळी येत, ओसरीवर बसत, चहा नको म्हणत आणि तासाभराने उठून जात. एक शब्द बोलले नाहीत. चौदाव्या दिवशी आले ते लाकडाचा तुकडा आणि पॉलिशपेपर घेऊन. "बाई, ह्यो घासून गुळगुळीत करायचाय. घाई न्हाई," म्हणाले. मी महिनाभर तो तुकडा घासला. तो कशासाठी होता हे मी विचारलं नाही, बहुधा कशासाठीच नसावा. त्या महिन्यात मी रडले तीही त्या तुकड्यावरच.

मॉडेल पुरं झालं तेव्हा ते लाईनच्या अगदी शेवटच्या वर्षातलं होतं. डिझेलचं छोटं इंजिन, विजेचे खांब, आणि मधल्या फाटकाजवळ गेटमनची बंद खोली, दाराला कुलूप, उंबऱ्यात उगवलेली बाभूळ. दुरून दुरून माणसं बघायला यायची. सगळ्यांना ते कुलूपच फार आवडायचं, कारण ते किल्ली लावण्याइतकं खरं दिसायचं. आण्णा मात्र त्या कोपऱ्याशी कधी उभे राहत नसत.

मग एक दिवस ते म्हणाले, "बाई, हे समदं पाच वर्सं मागं न्यायचंय."

मॉडेल मागं नेणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. नवीन बांधणं सोपं. मागं नेताना जे जे नंतर आलं ते ते शोधून काढून टाकावं लागतं. विजेचे खांब गेले. भिंतीवरची जाहिरात गेली. डिझेल इंजिन कपाटात गेलं आणि कोळशाचं इंजिन रुळावर आलं. झाडं लहान करावी लागली. फाटकाजवळचा लिंब मी मोठ्या हौसेने केला होता, त्याचा पाच वर्षांचा विस्तार कात्रीने छाटताना माझा हात अडला. आण्णांचा अडला नाही.

त्यात मी एक चूक केली. मी फलटणची, उसात वाढलेली. जुना काळ म्हटल्यावर मला हिरवंगारच दिसतं. रुळाच्या दोन्ही बाजूंना मी पंधरा दिवस खपून ऊस उभा केला, पाटाचं पाणीसुद्धा खेळवलं. आण्णांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिले.

"आवं बाई, हितं कुठला ऊस? हितं प्यायला पानी न्हवतं. ह्या पाटात कुणाचं पानी सोडलंसा?"

सगळा ऊस खरवडून काढला आणि तिथली खरी माती चाळून पसरली. त्या मातीवर कुसळं सोडून काही लावायचं नव्हतं. इतका उघडा माळ मी जन्मात रंगवला नव्हता.

राहिली ती गेटमनची खोली. आता तिचं कुलूप काढायचं होतं, कारण लाईन बंद पडण्याआधी पाच वर्षं तिथं म्हाकू नावाचा गेटमन बायकोसह राहत होता. इथे आण्णा अडले. दाराचा रंग आठवेना, चूल आत होती की बाहेर ते आठवेना. मी म्हटलं, त्यांच्या घरचं कुणी असेल तर विचारू या.

"कुनाला इचारू नगा," आण्णा म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मी ऐकलं नाही. अमृतमहोत्सव जवळ आला होता, मला वाटलं अशी भेट आण्णांना दुसरं कोण देणार? म्हसवडला माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिने महिनाभरात पत्ता काढला. म्हाकू वारले होते. त्यांच्या पत्नी इठाबाई लेकीकडे होत्या, वय ऐंशीच्या पुढे. मी गेले तेव्हा अंगणात बाजरी निवडत बसल्या होत्या. आण्णांचं नाव सांगितल्यावर त्यांचा हात थांबला.

"सर्जा? फायरमन? जित्ता हाय त्यो?"

"आहेत की. पंच्याहत्तर वर्षं पुरी होतायत."

"मला न्या," त्या म्हणाल्या. सूप तसंच खाली ठेवून उठल्या.

मी आनंदात होते. वडूजला येईपर्यंत गाडीत मी एकटीच बोलत होते, हे मला नंतर आठवलं.

आण्णा माडीवर रुळाला तेल देत होते. इठाबाईंना बघून ते उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली. इठाबाई काठी टेकत फळीच्या कडेने चालल्या, माळ पाहिला, फाटक पाहिलं, खोलीशी येऊन वाकल्या.

"दार निळं व्हतं. तुमी हिरवं केलंय. आन् चूल भाईर, लिंबाखाली."

"वैनी," आण्णा म्हणाले, "कोळसा म्या टाकला व्हता."

मला काहीच कळेना. तेव्हा आण्णांनी, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. फाटकाशी गाडी हळू व्हायची तेव्हा फायरमननं कोळशाची दोनचार ढेकळं गेटमनच्या चुलीसाठी खाली ढकलायची आणि गेटमनच्या बायकोनं भाकरीचं फडकं वर द्यायचं, ही त्या लाईनवरची रीतच होती. सगळेच करत. आण्णांची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे त्यांचं रोजचं जेवण त्या फडक्यातलंच असे आणि सगळ्यांत जास्त कोळसाही त्यांचाच पडे. मग एक नवा साहेब आला. त्याने खोलीमागे अर्धं पोतं कोळसा पकडला. कुणी दिला हे म्हाकूंनी सांगितलं नाही. साहेबाने फायरमनना रांगेत उभं करून विचारलं. आण्णा तात्पुरते कामगार होते, पुढच्या महिन्यात कायम व्हायचे होते. ते गप्प राहिले. म्हाकूंना चोर ठरवून कामावरून काढलं आणि खोलीला कुलूप लागलं.

"सायेब म्होरं हुबा व्हता, म्या बोललो न्हाई," आण्णा म्हणाले.

"ठावं हाय," इठाबाई म्हणाल्या. "ह्यांनी घरी यून सांगितलं. सर्जा गप ऱ्हायला, बरं झालं, पोराची नोकरी तरी ऱ्हायली, आसं म्हणलं. त्ये म्हणलं बरं झालं. मी न्हाई म्हणलं. आजून न्हाई म्हणत."

इठाबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मेंढरं घिऊन गावोगाव हिंडलो आमी. बाजारात मानसं बोट दावायची, त्यो बगा कोळसाचोर. मरस्तवर ऐकलं त्येंनी. आन् तू आज सांगतुयास व्हय रं? ह्यांच्या कानावर घालाय पायजे व्हतंस."

पंच्याहत्तरीचे आण्णा माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले. मी त्या भेटीची सूत्रधार, मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. गिरणीच्या दांड्यासाठी ते घरोघर का फिरले, आणि मी त्यांना अती करता म्हणून काय बोलून बसले होते, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझीच मला लाज वाटली.

थोड्या वेळाने इठाबाईंनी विचारलं, "समदं केलंस. त्ये कुटं हायती?"

आण्णांनी टेबलाचा खण उघडला आणि कागदात गुंडाळलेली मूर्ती काढली. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, हातात हिरवं निशाण. कधी केली होती कोण जाणे, रंगसुद्धा मला न विचारता स्वतःच दिलेला. तिथं उभी करायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. इठाबाईंनी ती तळहातावर घेतली, पदराने पुसली आणि स्वतःच्या हाताने फाटकाशी ठेवली. इंजिन सोडायला सांगितलं. गाडी माळावरून आली, फाटकाशी हळू झाली, पुढे गेली. इठाबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. दोनदा बघितली.

या लेखासाठी परवानगी मागायला गेले तेव्हा आण्णा म्हणाले, "गुन लिवायचं आसतील तर हे आधी लिवा. हे न्हाई लिवलं तर दुसरं कायबी लिवू नगा. म्हाकूदादा चोर न्हवता, एवढं छापून आलं पायजे." समितीतल्या काहींना हे गौरवग्रंथात बरं दिसेल का अशी शंका होती. मी त्यांना एवढंच कळवलं, की आण्णांचा याहून मोठा गौरव मला लिहिता येत नाही. गावोगावच्या ज्या बाजारांत ते बोट दाखवलं गेलं, तिथल्या कुणाच्या हाती हा ग्रंथ पडला, तर त्यांनी हे पान मोठ्याने वाचावं.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते काम माझ्याआधी इठाबाईंनी करून ठेवलं आहे. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी जिना उतरण्याआधी वळल्या आणि म्हणाल्या, "सर्जा, त्येंची आकरा वर्सं नोकरी ऱ्हायली व्हती. ती हितं पुरी करून घे. रोज सकाळी गाडी काढायची. येक दिस खाडा न्हाई करायचा. तवर मरायचं न्हाई तुला."

आपण सर्वांनी आण्णांना शंभर वर्षं चिंतावीत, त्याला माझी ना नाही. मी मात्र अकराच मागते, तीही आण्णांचे हात न थरथरता, त्यांच्या डोळ्यांना रूळ दिसताना. त्यांतले चार महिने झाले. अजून खाडा पडलेला नाही.