पाणी न मारलेल्या भिंती

तहानलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत तुम्ही कधी भिंतीला पाणी पाजलंय का?

दुष्काळाचं साल होतं. धारूरच्या कडेला, माळावर, आम्हा गरिबांची घरं उठत होती. जागा, सिमेंट, पत्रे सरकारचे, अंगमेहनत आमची. सहकारी संस्थेचा नियम होता, सगळ्यांनी मिळून सगळी घरं बांधायची, शेवटी सोडत काढायची. कुठलं घर कुणाच्या वाट्याला येईल ते आधी कळणार नाही. म्हणून कुणी कुठल्याच भिंतीत कसूर करणार नाही. मला तो नियम फार आवडला होता.

नव्या भिंतींवर मारायला टँकर हौदात पाणी सोडून जाई. एका दुपारी विटा वाहून दमलेल्या आईनं हौदात ओंजळ बुडवली. प्याली.

"ए बाई! बाटवलास व्हय हौद?" संस्थेचा चेअरमन ओरडला. "काढा रं बूच. जाऊ द्या सगळं पानी."

हौद रिकामा झाला. सगळे बघत राहिले. मग चेअरमन बापाकडे वळून हसला, "बौद्ध झालात म्हनं. तहान मारायला न्हाई शिकिवलं व्हय रं?"

बापाच्या हातात वीट होती. त्यानं ती हळूच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून आम्हा बौद्ध घरांना शेवटची ओळ बांधायला दिली. हौदाला शिवायचं नाही, दुसरं कुणीतरी आमच्या बादलीत वरून ओतेल. कुणी ओतलं नाही. रिकाम्या बादल्या धरून आम्ही उभे, आणि भिंती उन्हात कोरड्याच वाळल्या, सिमेंट धरलंच नाही.

सोडतीत आमची नावंच घातली नाहीत. शेवटची ओळ आम्हालाच.

आई म्हणाली, "चेअरमनसाहेब, भिंतीची माती गळती वो. लेकरं निजायची हायत आत."

"तुमच्याच हातच्या भिंती. आता कामून रडता?"

घरं ताब्यात द्यायला सरकारी साहेब आले. आईच्या हातात नारळ दिला. मी दारात आडवी उभी राहिले. भिंतीत बोटं खुपसली, मूठभर वाळू काढली, साहेबांच्या तळहातावर ठेवली.

"साहेब, ह्यात तुमी ऱ्हावा. आमी न्हाई जानार."

साहेबांनी रुमालानं हात पुसला. "हा संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे." जीप गेली.

आम्ही अजून गोणपाटाच्या पालात आहोत. बापाचा खोकला थांबत नाही. शेजारी म्हणतात, पोरीनं घर घालवलं. म्हणोत. आमचा अपमान कालवून बांधलेल्या छपराखाली मी माझ्या आईला निजू देणार नाही.

तुमच्या गावातही अशी संस्था असेल. तिच्या सभेला जा. एकटे जाऊ नका. चपलांजवळ बसू नका. सगळ्यांची नावं घालून, सगळ्यांसमोर सोडत पुन्हा काढा म्हणा. काढेपर्यंत सभा उठू देऊ नका.