खिरीची दुसरी वाटी

ज्या माणसाचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत, त्या अमरावतीच्या दिगंबर गुरुजींची लघवी मी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवत होतो. नळीतलं निळं पाणी हिरवं झालं. मी नळी धुतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा हिरवं.

मधुमेहाची ही तेव्हाची साधी तपासणी. बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असा रंग चढत जातो आणि जितका चढेल तितकी साखर जास्त. हिरवं म्हणजे थोडी. पण थोडीसुद्धा असायला नको.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अकोल्यात एका खासगी दवाखान्यात असिस्टंट डॉक्टर होतो. गुरुजी बाहेर बाकावर बसले होते. बाक तिघांचा, पण त्यांच्या शेजारी एकच जण कसाबसा टेकला होता. दवाखान्याच्या पायऱ्या चढून आल्याला बराच वेळ झाला तरी उपरण्यानं घाम पुसणं चालूच होतं.

त्यांचे थोरले भाऊ त्याच वर्षी गेले होते. तेही भिक्षुकी करायचे आणि अंगानं तसेच. पायाच्या अंगठ्याला खिळा लागल्याचं निमित्त झालं. जखम भरेना, पाय काळा पडला. मधुमेह आहे हे पाय कापायच्या वेळी कळलं. पाय कापूनही ते वाचले नाहीत. तेरावा झाल्यावर काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, गुरुजींना गाडीत बसवून दिलं होतं. "वसंताले दाखवल्याशिवाय परत येऊ नका," असं बजावून.

वसंता म्हणजे मी. माझे वडील चांदूर रेल्वेला देवळाचे पुजारी. मी लहान असतानाच ते वारले. आमच्या घरात मॅट्रिक कुणी पाहिलेलं नव्हतं. मी हायस्कुलासाठी अमरावतीला गेलो तो वार लावून. वार लावणं म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी जेवायचं. गुरुजी माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून रविवार त्यांच्याकडे असे. काकू विचारायच्या, "पोळी घेतो ना अजून?" आणि उत्तराची वाट न पाहता वाढायच्या. पुढे मेडिकलचं निघालं तेव्हा आई बिचकली. तिला गुरुजी म्हणाले, "जाऊ द्या त्याले, वहिनी. आपल्यात पत्रिका पाहणारे पुष्कळ झाले. नाडी पाहणारा एखादा होऊ द्या."

त्या माणसाला आता मी काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी टॉलरन्स टेस्ट केली. या तपासणीत उपाशीपोटी रक्त घेतात, मग ग्लुकोजचं पाणी पाजतात, आणि ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा रक्त घेऊन साखर किती चढते, किती लवकर उतरते ते पाहतात. निरोगी माणसाची चढते आणि झटकन उतरते. मधुमेह्याची चढून बसते.

गुरुजींनी ग्लुकोजचा पेला एका दमात संपवला. "तुह्या दवाखान्यातही गोडच वाढतात का रे?"

त्यांची साखर चढली, रेंगाळली आणि उशिरा उतरली.

आमचे सर पुण्याकडचे, कमी बोलणारे. त्यांनी आकडे पाहिले आणि कागद परत दिला.

"बॉर्डरलाइन. डायबिटीस नाही. घरी पाठवा."

"सर, भाऊ याच रोगानं गेला. वजन हे असं. आज ना उद्या होणार."

"होईल तेव्हा बघू. ज्यांना झालाय ते ओपीडीत उभे आहेत."

"त्या नवीन गोळ्या..."

"रोग नाही त्याला गोळी? कुठे शिकलात?"

"मग त्यांना सांगू काय?"

"वजन उतरवा म्हणावं. पोट कमी झालं तर टळेल कदाचित. निदान लांबेल. पुस्तकात आहे तसं." ते पुढच्या पेशंटकडे वळले. "मी मात्र इथे एकाचंही उतरलेलं पाहिलेलं नाही."

मी पुस्तक काढलं. त्यातला स्थूल माणसांचा आहाराचा तक्ता मराठीत उतरवला आणि गुरुजींच्या हाती दिला. ते चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले.

"टोस्ट, पातळ. उकडलेलं अंडं, एक. वसंता, हे कोणत्या गावच्या ब्राह्मणाचं पान आहे रे?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो.

"अंडं सोडा, गुरुजी. गोड, तूप आणि तळलेलं निम्म्यावर आणा. रोज चाला."

मग ते हसायचे थांबले. "तू नाडी पाहून पोट भरतो. मी जेवून पोट भरतो. लोक माझ्या मंत्रासाठी नाही बोलवत, मंत्र सांगणारे गल्लोगल्ली आहेत. दिगंबर महाराज पानावर बसले की पितर जेवून जातात, असं लोक म्हणतात. मी अर्धं पान टाकून उठलो, आणि वर्षभरात त्या घरी कुणाले ताप आला, तर तो माझ्या नावावर."

ते गाडीनं परत गेले. मी कामाला लागलो, पण चैन पडेना. वॉर्डात कुणाच्या पायाचं ड्रेसिंग सोडलं की मला त्यांचा पाय दिसे. पितृपंधरवडा तोंडावर आला होता. त्या पंधरवड्यात गुरुजी रोज कुणा ना कुणाकडे श्राद्धाला जेवत.

पंधरवडा लागल्यावर पहिल्याच रविवारी न कळवता अमरावतीला गेलो. राजापेठेतलं त्यांचं घर. दिवेलागणीची वेळ होती. त्या दुपारी गुरुजी एका वकिलांकडे श्राद्धाला जेवले होते. जाऊन-येऊन टांगा. आता त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि साखर घातलेलं दूध होतं.

"हे काय, गुरुजी?"

"फराळ. जेवण थोडीच आहे?"

मी त्यांच्यासमोर पाटावर बसलो. शाळकरी असताना मी तिथेच बसत असे. आणि मला एकदम त्यांचे वडील आठवले. तेही आयुष्यभर श्राद्धाला जेवले, पण काडीसारखे होते. काही रविवारी आम्ही सगळे जेवत असताना ते नुसते तांब्याभर पाणी घेऊन ओट्यावर बसून असत. मी एकदा विचारलं होतं, आजोबा काहून जेवत नाहीत? श्राद्धाचं जेवण घेतलं की त्या दिवशी पुन्हा जेवायचं नसतं, असं काकूंनी सांगितलं होतं.

ते मी बोलून दाखवलं.

मला वाढता वाढता काकू थांबल्या. गुरुजींनी खिचडीचं ताट जरा बाजूला सारलं.

"त्याच शास्त्रात त्या दिवशी लांब चालू नये, असंही आहे," ते म्हणाले. "ते नाही आठवलं तुले?"

"त्या दिवशी नका चालू. बाकीचे दिवस चाला."

"तू आज जेवायले आला की परीक्षा घ्यायले?"

ते उठले, हात धुतला आणि ओट्यावर जाऊन बसले. मी एकटाच जेवत राहिलो. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "रागावले नाहीत ते. घाबरून राहिले. भाऊजींचा पाय रोज तेच धुवायचे."

निघताना मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर नुसता हात ठेवला आणि उठून आत गेले. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. गाडीला उशीर होता. मी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिलो. भिक्षुकाला त्याच्या ओसरीवर शास्त्र सांगून आलो होतो, तेही ज्याच्या अन्नावर वाढलो त्याला. आणि त्याच पंधरवड्यात माझ्या वडिलांची तिथी होती. वडील गेल्यापासून त्यांच्या पानावर दर वर्षी गुरुजीच बसत आले होते. यंदा ते येतील का?

तिथीच्या सकाळी चांदूरच्या स्टेशनवर मी वेळेच्या फार आधी जाऊन उभा राहिलो. पॅसेंजर आली. शेवटच्या डब्यातून गुरुजी उतरले. मी टांग्याकडे हात केला.

"टांगा काहून? जेवायच्या आधी चालायले शास्त्राची मनाई नाही," ते म्हणाले आणि चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर धाप लागली तेव्हा थांबले. "रात्रीचं मी सोडलं, वसंता. त्या दिवसापासून. पण दुपारचं सोडवत नाही. यजमान वाढतच राहते. हात आडवा केला की म्हणते, महाराज, आमचं काय चुकलं?"

मंत्र सांगायला गावातले जोशी होते, पानावर गुरुजी. अळूची भाजी, कढी, उडदाचे वडे, लाडू, तांदळाची खीर. आई पहाटेपासून चुलीशी होती. गुरुजींनी वडा एकच घेतला, लाडू परत केला. आईच्या ते ध्यानात आलं. खिरीची एक वाटी संपली तशी ती पातेलं घेऊन पुन्हा आली.

"पुरे, वहिनी."

"असं कसं, गुरुजी? त्यांना खीर फार आवडे. शेवटच्या दुखण्यात मागत होते. डॉक्टरनं देऊ दिली नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आज तरी पोटभर जाऊ द्या."

गुरुजींचा आडवा केलेला हात वाटीवरून हळूहळू बाजूला झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणून मला तिथे काहीच बोलता येत नव्हतं. पण त्या दिवशी मी यजमानही होतो.

श्राद्धात जेवण संपताना यजमान हात जोडून विचारतो, तृप्त झालात का? ब्राह्मण म्हणतो, तृप्त झालो. त्यानंतर कुणी वाढत नाही. ब्राह्मणानं आपणहून थांबायचं नाही, यजमानानं विचारायचं नाही, असं करत करत लोक तो प्रश्न जितका लांबवता येईल तितका लांबवतात. पण विचारायचा हक्क माझा होता.

मी हात जोडले. "गुरुजी, तृप्त झालात का?"

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. जोशी पोथीतून वर पाहू लागले. गुरुजींनी डोळे मिटले आणि मंत्र म्हणतात त्या भरल्या आवाजात म्हणाले, "तृप्त झालो."

आई स्वयंपाकघरात निघून गेली. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "एका डॉक्टरनं जिवंतपणी नाही दिली. दुसऱ्यानं मेल्यावरही नाही." दुपारी निघताना गुरुजी तिला म्हणाले होते, "वहिनी, पानावर बसून मी कधी खोटं बोललो का? तृप्त झालो म्हणजे झालो."

पुढे त्यांनी यजमानांना आधीच सांगायला सुरुवात केली: मी हात आडवा केला की प्रश्न विचारा. काहींनी ऐकलं. काही घरांनी पुढच्या वर्षी दुसरा ब्राह्मण बोलावला. गुरुजींना ते लागलं, पण त्यांनी सांगणं सोडलं नाही. श्राद्ध नसेल त्या सकाळी ते बडनेऱ्याच्या रस्त्यानं चालायला जात. घरच्या दुधातली साखर काकूंनी बंद केली. पथ्य मधूनमधून मोडलंही. दिवाळीत तर पार मोडलं. वजन उतरे, थबके, थोडं चढे, पुन्हा उतरे. दर खेपेला वजनकाट्याशी मीच जास्त धास्तावलेला असे.

वर्ष उलटल्यावर पुन्हा टॉलरन्स टेस्ट केली. साखर चढली आणि वेळेत उतरली. लघवीची नळी निळीच राहिली. तरी मी ती दोनदा तापवली.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "कोणती गोळी दिलीत?"

"कोणतीच नाही."

"हं. म्हणजे पुस्तकात आहे ते खरं असावं."

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. गुरुजींचा रोग वजन उतरल्यामुळे टळला की त्यांना तो होणारच नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढेही त्यांना तो झाला नाही आणि त्यांचे दोन्ही पाय शाबूत राहिले. मी एवढं शिकलो की पेशंटच्या हातात पुस्तकातला तक्ता द्यायचा नाही. आधी विचारायचं, तुम्ही जेवता कुठे, आणि वाढतं कोण.

दुसऱ्या टेस्टनंतर गुरुजींना पाठवलेलं पत्र असं होतं:

"तीर्थरूप गुरुजींच्या चरणी वसंताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपल्या रक्ताचा रिपोर्ट आला. चांगला आहे. मधुमेह नाही. मागच्या खेपेला तो दारात उभा होता, आता बराच मागे सरला आहे. पण आपण पुन्हा बोलावलं तर परत येईल, म्हणून चालणं सोडू नये. पायात वहाणा घातल्याशिवाय बाहेर पडू नये. पुढच्या वर्षी पुन्हा तपासू.

आई विचारते, यंदा तिथीला खीर किती करू? मी म्हटलं, तुला हवी तेवढी कर, प्रश्न मी विचारणार आहे. आपण यावं.

येत्या रविवारी मी संध्याकाळच्या गाडीनं जेवायला येत आहे. दुपारी आपलं कुठे पान असेल तर रात्री आपण जेवणार नाही, हे ठाऊक आहे. तरी ओट्यावर न बसता माझ्यासमोर बसावं. त्या घरात एकट्यानं जेवायची मला सवय नाही.

काकूंना सां. न. त्यांना म्हणावं, 'पोळी घेतो ना अजून?' असं विचारल्यावर या खेपेला उत्तराची वाट पाहा. परवा सरांनी मलाच काट्यावर उभं केलं होतं.

आपला,
वसंता"